सापाची टोकाची भीती : पार्श्वभूमी

सापाच्या टोकाच्या भीतीवर आज पायरीपायरीने भीतीला सामोरे जाण्याचा जो उपचार केला जातो, तो ज्या प्रयोगशाळांत घडला तिथला साप बिनविषारी, माणसाळलेला आणि काचेच्या पेटीत होता. नागपुरात हाच उपचार घेणाऱ्याच्या घरामागे रिकामा प्लॉट असतो, त्यात कंबरेएवढे गवत असते आणि गवतात नाग किंवा घोणस खरोखरच असू शकते. या विषयातला बराचसा गोंधळ इथून सुरू होतो.

नाग नदी, नागपंचमी, श्रावणात पचमढीच्या नागद्वारला जाणारे विदर्भातले जत्थे हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. जिथे पूजा तिथे भीती कमी, असे मात्र समजू नये. पाटावर काढलेल्या नागाला लाह्या-दूध वाहणारी व्यक्ती शाळेच्या पुस्तकातले सापाचे पान उलटू शकत नाही, हे चित्र नवे नाही.

उपचाराची आजची वाट १९५८ पासून मोजतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मनोविकारतज्ज्ञाने शरीर सैल सोडून भीतीच्या वस्तूची पायरीपायरीने कल्पना करण्याची पद्धत मांडली. १९६३ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर ती तपासली गेली. त्यासाठी साप निवडला, कारण मोजमाप सोपे होते: पेटीपासून किती फुटांवर माणूस थांबला, पेटीला हात लावला का, साप उचलला का. टीकाही लगेच झाली, कारण हे विद्यार्थी स्वतःहून दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हते. १९६९ मध्ये असे दिसले की उपचार करणाऱ्याने आधी साप स्वतः हाताळून दाखवला आणि मग घाबरणाऱ्याचा हात धरून त्याच्याकडून करून घेतले, तर नुसत्या कल्पनेपेक्षा किंवा फिल्म दाखवण्यापेक्षा फरक जास्त पडतो. १९८९ मध्ये स्वीडनमधून तीन तासांपर्यंतच्या एकाच सलग बैठकीची पद्धत आली. १९८० च्या दशकातले माकडांवरचे प्रयोगही याच काळातले. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला घाबरत नव्हती, पण दुसऱ्या माकडाला घाबरताना पाहून चटकन शिकली. तशाच रीतीने फुलांची भीती काही त्यांच्यात रुजली नाही. म्हणजे भीती जन्मतः तयार नसते, ती शिकण्याची घाई तेवढी उपजत असते. आईची किंकाळी ऐकून मूल शिकते ते याच वाटेने.

खरा वाद २०१३ च्या एका दुरुस्तीचा. अमेरिकेतून निघणारी आणि आपल्याकडेही आधाराला घेतली जाणारी मनोविकारांची निदानपुस्तिका १९८० आणि १९९४ च्या आवृत्त्यांत एक अट घालत होती: आपली भीती अवाजवी आहे, हे रुग्णाला स्वतःला पटलेले असावे. १९९४ मध्ये लहान मुलांना तेवढी सूट होती. २०१३ च्या आवृत्तीने ही अट काढली. प्रत्यक्ष धोका आणि आजूबाजूची सामाजिक परिस्थिती पाहता भीती प्रमाणाबाहेर आहे का, हे आता तपासणारा ठरवतो. त्याच वेळी भीती साधारण सहा महिने टिकलेली असावी, ही मुदत सर्व वयांना लागू झाली. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक रोगवर्गीकरणातही निकष प्रमाणाबाहेरचाच आहे, मुदत मात्र ‘काही महिने’ इतकी सैल.

दुरुस्तीचे कारण पटण्यासारखे होते. वर्षानुवर्षे टाळत आलेला माणूस धोका फुगवून सांगतो आणि त्यावर त्याचा मनापासून विश्वास असतो. बेलतरोडीकडच्या ले-आउटमधली एखादी बाई दोन वर्षे गच्चीवर कपडे वाळत घालत नसेल आणि ‘इकडे साप निघतातच ना’ म्हणत असेल, तर जुन्या अटीने ती निदानातून सुटली असती. पण नव्या निकषाने तराजू डॉक्टरच्या हातात दिला. रामदासपेठेत चौथ्या मजल्यावर बसणाऱ्याचे माप आणि उमरेडकडे रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्याचे माप एक कसे असेल? मग शेतमजुराची टोकाची भीती ‘शेतात जाणाऱ्याला भीती असायचीच’ म्हणून परत पाठवली जाते आणि शहरातल्या माणसाच्या साध्या सावधपणालाही आजाराचे नाव मिळते. दोन्ही चुका होतात. पहिली जास्त होते, असे आमचे मत आहे.

धोक्याचे आकडे तर बदलत गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक ग्रामीण भागातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला. तेव्हा ‘काही होत नाही, घाबरू नका’ हे वाक्य इथे खोटे ठरते आणि रुग्णाला ते कळते. तपासताना विचारायचे ते वेगळे: भीतीमुळे काय बंद पडले? कुलरमध्ये पाणी भरणे, तळमजल्यावर झोपणे, गावी जाणे, मोबाइलवर व्हिडिओ बघणे? आणि भीतीच्या भरात काय घडते? रस्त्यावरचा पाइप साप वाटून गाडीला करकचून ब्रेक लावणारा सापापेक्षा मोठ्या धोक्यात असतो.

उपचाराची दुसरी अडचण कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप पकडून बाळगणे आणि दाखवणे बंद केले, ते योग्यच झाले. पण १९६९ ची पद्धत जिवंत साप हातात घेण्यावर उभी आहे. सर्पमित्राला पकडलेला साप दवाखान्यात आणायला सांगणे बेकायदा आहे, शिवाय घाबरलेला साप आणि घाबरलेला माणूस एका खोलीत आणणे मूर्खपणाचे आहे. म्हणून इथली शिडी वेगळी बनते: कागदावर ‘साप’ लिहिणे, रेघांचे चित्र, काळा-पांढरा फोटो, रंगीत फोटो, आवाज बंद ठेवून व्हिडिओ, खोलीच्या दुसऱ्या टोकाला रबरी साप, तोच मांडीवर, मग संध्याकाळी प्लॉटच्या कडेने चालणे. शेवटची पायरी काचेआडचा साप, त्यासाठी पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानापर्यंत जाता येते.

प्रत्येक पायरीआधी भीतीला ० ते १०० मध्ये आकडा द्यायचा आणि काय होईल असे वाटते ते लिहायचे: ‘मी ओरडेन’, ‘चक्कर येईल’. रक्त पाहून चक्कर येते तशी साप पाहून सहसा येत नाही, कारण इथे रक्तदाब चढतो. पायरीवर पंधरा-वीस मिनिटे टिकायचे आणि लिहिलेले घडले का ते पाहायचे. भीती शून्यावर आलीच पाहिजे असे नाही.

बिघडते ते ठरावीक ठिकाणी. आकडा ९० वर असताना उठून गेले की मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच शिकतो. डोळे किलकिले करून पाहणे, नवऱ्याचा हात घट्ट धरणे, बैठकीआधी झोपेची किंवा शांत करणारी गोळी घेणे यांनी शिकणे अर्धवट राहते. गंमत म्हणून अंगावर रबरी साप फेकणारा भाऊ किंवा सहकारी अनेक आठवड्यांचे काम एका क्षणात मागे नेतो. नुसत्या माहितीनेही भागत नाही. बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, विषारी मण्यारीचे नेमके उलट, हे तोंडपाठ असलेली माणसे रात्रभर जागी असतात.

घरातली काळजी आणि भीती यांची सीमा आखून द्यावी लागते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी ही काळजी. अंधारात जाताना टॉर्च आणि बूट झटकणे, हीदेखील. खाटेखाली एकदा पाहणे ठीक, पाचव्यांदा पाहणे हा उपचाराचा विषय, आणि ते दर आठवड्याला एकेकाने कमी करायचे. फिनाइल किंवा रॉकेल शिंपडून साप येत नाहीत याला आधार नाही. मागच्या बोळात पावसाळाभर ओला पडलेला कुलर मात्र हलवावा, कारण तिथे बेडूक जमतात. साप दिसलाच तर सहा-सात फूट मागे, नजर त्याच्यावर, खोलीचे दार ओढून खालच्या फटीला चादर, मग सर्पमित्राला फोन. घाबरणाऱ्याने ही कृती कोरड्या दिवसात चार-सहा वेळा करून पाहिलेली असावी.

वेळापत्रकाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लोक येतात ते जुलैत, साप दिसल्यावर. त्या वेळी शिडीच्या खालच्या पायऱ्याही जड जातात आणि ग्रुपवर रोज पकडलेल्या सापांचे व्हिडिओ येत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात केली तर मृगापर्यंत रबरी सापाची पायरी गाठता येते, आणि जूनच्या शेवटी एक उजळणीची बैठक ठेवली की पावसाळ्यात टाळाटाळ परत मूळ धरत नाही.