पणजीचा आवाज नकाशावर टाकायचाय? मग तो साफ करू नका

पणजी-बेती फेरीबोटीवर उभं राहून फोनच्या साध्या रेकॉर्डरवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन हेडफोन लावून ऐका. बऱ्याच फोनमध्ये काय होतं, इंजिनची घरघर सुरुवातीला सेकंदभर येते आणि मग हळूच मागे सरकते, पाण्याचा आवाज जवळजवळ गायब, आणि शेजारच्या दोन बायका माशांच्या भावाबद्दल काय बोलत होत्या ते मात्र शब्दन् शब्द कळतं. फोन बिघडलेला नसतो. बोलणं स्पष्ट यावं म्हणूनच तो बनवलाय, त्यामुळे जो आवाज एकसारखा चालू राहतो तो ‘कचरा’ असं त्यातलं सॉफ्टवेअर धरून चालतं आणि तो कमी करतं (याला नॉइज सप्रेशन म्हणतात), शिवाय आजूबाजूला शांत झालं की आपोआप व्हॉल्यूम वाढवतं, गोंगाट झाला की उतरवतं (हा ऑटो गेन). कॉलसाठी हे झकास आहे. पण शहराचा आवाज म्हणजे निम्म्याहून जास्त हाच एकसारखा चालू असलेला आवाज असतो, आणि ऑनलाइन साउंड मॅपवर आपल्याला नेमका तोच टाकायचा असतो.

साउंड मॅप म्हणजे जगाचा साधा नकाशा, त्यावर पिना, पिनेवर क्लिक केलं की त्या जागी कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग वाजतं. यामागची कल्पना बरीच जुनी. १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि ७०च्या सुरुवातीला कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत आर. मरे शेफर आणि त्यांच्या टीमने शहराचे आवाज पद्धतशीर रेकॉर्ड करायला घेतले, आणि त्याच टीममधल्या हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी १९७४ मध्ये साउंडवॉकवर लेख लिहिला. साउंडवॉक म्हणजे फक्त ऐकण्यासाठी चालायचं, बस्स. पुढे इंटरनेट आलं आणि २००६ मध्ये जर्मनीतून रेडिओ अपोरी नावाचा नकाशा सुरू झाला, तो आजही चालू आहे, जगातून कोणीही त्यावर रेकॉर्डिंग टाकू शकतं. ब्रिटिश लायब्ररीने २०१०-११ मध्ये लोकांकडूनच यूकेचा साउंड मॅप करून घेतला तेव्हा २०००हून जास्त रेकॉर्डिंग जमली, आणि ती कुणी स्टुडिओवाल्यांनी केलेली नव्हती, बरीचशी तर साध्या मोबाइलवर केलेली होती.

आता पणजीत असा वॉक करायचा तर माझ्या मते सुरुवात मळा या जुन्या वस्तीतून करावी, तिथून फोंतेन्यासच्या गल्ल्या, मग चर्चच्या पायऱ्या, म्युनिसिपल गार्डन आणि शेवटी फेरीचा धक्का. अंतर काही फार नाही, पण ध्वनीच्या दृष्टीने जागा एकदम वेगवेगळ्या. फोंतेन्यासच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ, त्यामुळे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या हॉर्नचा ‘पों पों’ भिंतीवर आपटून कानाशी परत येतो तो काही मिलिसेकंदांतच. शाळेत शिकलेलं आठवत असेल, प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत आपल्यापासून साधारण १७ मीटर अंतरावर लागते, म्हणजे आवाज जाऊन येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग उलटायला हवा. गल्लीत तेवढी जागाच नाही, मग मेंदू मूळ आवाज आणि परत आलेले आवाज एकत्र करून टाकतो आणि हॉर्न नुसताच भरदार, जवळचा वाटतो. तोच पोदेर कोपरा वळून ओरेंच्या खाडीच्या रस्त्याला लागला की एका बाजूची भिंत संपते आणि हॉर्न लगेच कोरडा होतो. डोळे मिटून ऐकलं तरी वळण कुठे आलं ते कळतं! एका जागी उभं राहून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच सापडणार नाही, ते चालतानाच मिळतं.

चर्चच्या घंटेचंही तसंच. ही घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, मध्ये काही वर्षं आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढवली. घंटेवर टोला पडतो तेव्हा एक सूर निघत नाही, वेगवेगळ्या उंचीचे बरेच सूर एकदम निघतात, त्यातले वरचे पटकन विरतात आणि खालचा गुणगुणता सूर कितीतरी वेळ रेंगाळतो. रेकॉर्डरचं नॉइज सप्रेशन चालू असेल तर टोला नीट येतो, पण ही रेंगाळणारी शेपटी एकसुरी असल्यामुळे सॉफ्टवेअरला ती पंख्याच्या आवाजासारखी वाटते आणि ते ती खाऊन टाकतं. मग उरतो तो ‘टण्’ एवढाच, जो कुठल्याही घंटेचा असू शकतो.

धक्क्यावर गेलात तर रात्रीचाही एक फेरा करा. दिवसा पलीकडच्या काठावरचं फारसं काही ऐकू येत नाही, पण आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री पाण्याजवळची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवेत आवाज थोडा हळू जातो, दर अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा फरक पडतो, एवढ्यानेही वर जाणारा आवाज वाकून परत खाली पाण्याकडे येतो. म्हणून कॅसिनो बोटीवरचं संगीत किंवा बेतीकडच्या देवळातलं भजन अचानक जवळ आल्यासारखं वाटतं. त्यात कमी फ्रिक्वेन्सीचे आवाज, म्हणजे बेस आणि इंजिन, अडथळ्यांना वळसा घालून पोचतात, त्यामुळे गाण्याचे शब्द कळले नाहीत तरी धडधड येतेच.

हे सगळं असंच्या असं का टाकायचं, ट्रॅफिक काढून पक्षी का ठेवू नयेत, असं बरेच जण विचारतात. कारण ट्रॅफिक आणि पक्षी यांचं नातं हाच अभ्यासाचा विषय आहे. गाड्यांची बहुतेक ऊर्जा २००० हर्ट्झच्या खाली असते, पक्ष्यांचं गाणं मोठ्या प्रमाणात २००० ते ८००० हर्ट्झमध्ये, मध्ये दोघांची टक्कर होते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ मध्ये संशोधकांना दिसलं की जास्त गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्यातले खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात. आपल्याकडे पणजीच्या कदंब बस स्टँडजवळचा दयाळ आणि दिवाडी बेटावरचा दयाळ एकाच पट्टीत गातात का, हे कोणी बघायचं ठरवलं तर त्याला दोन्ही जागांची रेकॉर्डिंग लागतील आणि तीही ट्रॅफिकसकट. तुम्ही फिल्टर मारून ‘सुंदर’ केलेल्या फाइलवरून यातलं काही सांगता येणार नाही. मात्र एक गोष्ट, साध्या फोनच्या रेकॉर्डिंगवरून ‘इथे इतके डेसिबल’ असं सांगू नका, त्यासाठी माइक कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजमापासाठी तपासून जुळवलेला लागतो. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती मोडली जातेय का हे सिद्ध करणं साउंड मॅपचं काम नाही.

मग सेटिंगचं काय करायचं. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ऑडिओ क्वालिटी लॉसलेस करा, अँड्रॉइडवर असं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या जे ‘अनप्रोसेस्ड’ किंवा रॉ ऑडिओ निवडू देतं आणि ऑटो गेन बंद करू देतं. अ‍ॅपमध्ये पर्याय असेल तर फॉरमॅट वेव्ह. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ केलं तर मिनिटाला साधारण १७ एमबी जातात, म्हणजे २० मिनिटांच्या वॉकला साडेतीनशेच्या आसपास, फोनमध्ये जागा करून निघा. नकाशासाठी एमपी३ करावी लागली तरी मूळ वेव्ह फाइल ठेवून द्या, कारण एमपी३ बनवताना कानाला ऐकू येणार नाही असं जे वाटतं ते कायमचं काढून टाकलं जातं. लेव्हल थोडी खालीच ठेवा, मोठ्यात मोठा आवाज वरच्या टोकाच्या १० डेसिबल खाली राहिला तर उत्तम, कारण टोकाला लागून फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. मिरामारच्या किनाऱ्यासारख्या जागी वाऱ्यासाठी माइकवर फोम किंवा केसाळ कव्हर हवंच, नाहीतर हवेचे भोवरे थेट माइकच्या पडद्यावर आपटतात आणि सगळीकडे नुसतं भर्र भर्र. कपड्यांची सळसळ, पिशवीचा पट्टा, चावीचा जुडगा यांचा आधीच बंदोबस्त करा. पावलांचा आवाज मात्र राहू द्या, चिऱ्यावर, डांबरावर, पेव्हरवर पाऊल वेगळं वाजतं आणि ऐकणाऱ्याला रस्ता कळतो.

अपलोड करताना लोक सगळ्यात जास्त कंटाळा माहिती भरण्याचा करतात आणि खरी किंमत तर तिथेच आहे. तारीख, सुरू केल्याची वेळ, हवामान, कुठला फोन किंवा रेकॉर्डर, कुठून कुठे चाललात. पिन अचूक जागीच लावा, ‘पणजी’ म्हणून शहराच्या मध्यावर ठोकून देऊ नका. वॉक ही रेषा आहे आणि पिन हा बिंदू, म्हणून मला तरी सुरुवातीच्या जागी पिन लावून वर्णनात ‘४ मिनिट १० सेकंद, चर्चच्या पायऱ्या’ अशा खुणा देणं बरं वाटतं. जमलं तर जीपीएस ट्रॅकही जपून ठेवा. लायसन्स कुठलं निवडताय ते नीट वाचा, कारण क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही दुसऱ्याला धंद्यासाठी वापरू द्यायचं की नाही असे वेगवेगळे प्रकार आहेत.

माणसांचं बोलणं हा नाजूक मुद्दा आहे. बाजारातला कलकलाट सगळ्यांचाच, पण एखाद्या मावशीसमोर उभं राहून तिचं ओरडणं घेणार असाल तर ‘मावशी, आवाज रेकॉर्ड करतोय, चालेल ना?’ एवढं विचाराच. फेरीवरच्या कुणाचं घरगुती बोलणं स्पष्ट आलं असेल तर तो तुकडाच टाकू नका. घरट्याजवळचा आवाज असेल तर पिन मुद्दाम लांब लावा आणि तसं वर्णनात लिहा. बेडकांबाबत तर जास्तच जपायला हवं. पहिल्या पावसात शेतात मोठे बेडूक ओरडायला लागले की गोव्यात त्यांना पकडून खाणारेही बाहेर पडतात, कायद्याने बंदी असूनही, त्यामुळे त्या शेताची नेमकी जागा जगाला देऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

आणि फक्त पणजीतच फिरू नका. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथले आवाजही नकाशावर यायला हवेत. चवथीच्या दिवसांत वाड्यावाड्यावर घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) आणि शामेळ या तालवाद्यांच्या साथीने आरत्या होतात. घुमट २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं, पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावायचे, आता ते बेकायदा म्हणून बकऱ्याचं लावतात, आणि कातडं बदललं की नाद बदलतोच. असं रेकॉर्डिंग कराल तेव्हा आरती सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधीपासून चालू ठेवा, म्हणजे घुमटाचं कातडं शेकवून ताणताना होणारी टकटक, मुलांची पळापळ, अंगणाबाहेरचा पाऊस आणि रस्त्यावरून जाणारी स्कूटर, सगळं आत येईल, आणि कुठल्या वाड्यावर, कुठल्या वर्षी, कुठल्या कातड्याचा घुमट तेही वर्णनात लिहा.