दिव्यालाही संध्याकाळ होते

पांढऱ्याच्या छटा बदलणाऱ्या स्मार्ट बल्बचं झाकण काढलं, तर आत एलईडीचे पिवळे ठिपके दिसतात. नीट पाहिलं की ते दोन जातींचे निघतात: काही लिंबासारखे फिके, काही केशरीकडे झुकलेले. दोन्हींच्या पोटात असतो निळाच एलईडी. वरचा लेप त्यातला काही निळा प्रकाश पिवळा-तांबडा करतो आणि आपल्याला पांढरा उजेड दिसतो. फिक्या ठिपक्यांचा उजेड साधारण 6500 केल्विनचा, केशरींचा 2700चा. (केल्विन हे तापमानाचं एकक; तेवढी तापलेली वस्तू ज्या छटेचा उजेड देईल, ती छटा.) दिवसा फिक्यांना जास्त, सूर्य मावळला की केशरींना: दोघांपैकी कोणाला किती वीज द्यायची, एवढाच दिवसभराचा खेळ.

(आकडा मोठा तो उजेड निळसर, आणि त्यालाच आपण ‘थंड’ म्हणतो! लोखंड तापताना आधी लाल होतं, पांढरं नंतर. भौतिकशास्त्र सरळ आहे, भाषा उलटी.)

वेळ साधायला सेन्सर लागतोच असं नाही. तारीख आणि अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्त गणिताने काढता येतो. खरी मेख केल्विनच्या उतरणीत आहे. 6000 वरून 5000 केल्विनवर आलं तर फरक जेमतेम जाणवतो, 3000 वरून 2000 वर आलं तर खोलीचा नूरच पालटतो. म्हणून अनेक बल्ब ‘मायरेड’मध्ये मोजतात: दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागायचं. मग पहिली उतरण 33 ची, दुसरी 167 ची.

पण हा खटाटोप कशाला? 2002 मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दृष्टिपटलात स्वतःच प्रकाश ओळखणाऱ्या चेतापेशी दाखवल्या. त्यांतलं मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतं. अशा पेशी आपल्याही डोळ्यांत आहेत. मेंदूतल्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ हा निरोप त्या देतात, आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन मागे पडतं.

मात्र नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये. केशरी उजेडातही थोडा निळा असतोच, त्यामुळे संध्याकाळी दिवा मंद केला नाही तर काम अर्धंच होतं. सकाळचं गणितही तसंच: ढगाळ दुपारीही बाहेर 10,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) सहज मिळतात, खोलीतल्या बल्बखाली दोनतीनशे. सकाळी खिडकीशी बसणं बल्बपेक्षा सरस.

उतरण अर्ध्या तासात सावकाश झाली तर ती कळतही नाही. डोळा जुळवून घेत राहतो, हातातला कागद पांढराच दिसतो. मग पाणी प्यायला उठून फ्रिज उघडावा, तर आतला पांढरा दिवा चक्क निळा भासतो.