टॅब दाबला, आता आपण कुठे आहोत?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानाचं संकेतस्थळ उघडलंय असं धरू. कापशी हवी की पुकरी, नंबर ७ की ८, मग पत्ता, शेवटी 'खरेदी करा'. ही सगळी वाट माऊसला हात न लावता, नुसती टॅब कळ दाबत पार करता आली पाहिजे. कंपवातामुळे हात थरथरणारे, मनगट कायमचं दुखावलेले, एकाच बोटाने कीबोर्ड चालवणारे असे कितीतरी लोक संगणक याच पद्धतीने वापरतात. टॅब दाबला की फोकस, म्हणजे पुढची कळ जिथे लागू होणार ती जागा, पुढच्या दुव्यावर, रकान्यावर किंवा बटणावर जातो. तो कुठे आहे हे दाखवणारी चौकट म्हणजे या लोकांचा माऊसचा बाण. ती नसली तर एंटर कशावर पडणार हेच कळत नाही आणि 'खरेदी करा'ऐवजी 'रद्द करा' दाबलं जातं.

अंध वापरकर्त्याला स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फोकसची जागा बोलून सांगतो. म्हणजे चौकटीची खरी गरज आहे ती डोळ्यांनी पाहणाऱ्या, पण माऊस धरू न शकणाऱ्या माणसाला. चाचणी करताना नेमका हाच माणूस विसरला जातो.

चौकट नाहीशी होते ती बहुतेक वेळा सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या, एका ओळीमुळे: 'आउटलाइन: नन' (चौकट नको). पूर्वी माऊसने क्लिक केल्यावरही बटणाभोवती चौकट उमटायची आणि डिझाइन बिघडल्यासारखं वाटायचं, म्हणून ती सरसकट पुसायची सवय लागली. आता त्याला काहीच कारण उरलेलं नाही. 'फोकस-व्हिजिबल' हा सिलेक्टर (रूप कधी लागू करायचं ते सांगणारा सीएसएसचा शब्द) वापरला की कीबोर्डने आलेल्याला चौकट दिसते आणि माऊसने बटण दाबणाऱ्याला सहसा दिसत नाही. ठरवण्याचं काम ब्राउझरच करतो.

फोकस दिसला पाहिजे ही अट डब्ल्यूसीएजी या, संकेतस्थळं दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या, जागतिक निकषांत २००८ पासून डबल ए पातळीवर (ए, डबल ए, ट्रिपल ए या चढत्या पातळ्यांतली मधली) आहे. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायद्याच्या नियमांत २०२३ साली आयएस १७८०२ हे मानक आलं, त्यातही ती आहे. पण 'दिसला' म्हणजे किती? याचं मोजमाप डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीने दिलं. हा निकष ट्रिपल ए पातळीचा, म्हणून अनेक जण सोडून देतात. आमच्या मते डिझाइनची सुरुवातच त्याच्यापासून करावी, कारण त्यात वाद घालायला जागा नाही.

त्याच्या दोन अटी आहेत. पहिली क्षेत्रफळाची: घटकाभोवतीच्या २ पिक्सेल जाडीच्या परिघाएवढी तरी खूण हवी. बटण १२० बाय ४० पिक्सेलचं असेल तर ४८०० वजा (११६ गुणिले ३६), म्हणजे ६२४ चौरस पिक्सेल. बटणाखाली ३ पिक्सेल जाडीची रेघ मारली तर ३६०च भरतात. ती खूण अपुरी.

दुसरी अट रंगाची. फोकस येण्याआधीचा आणि आल्यानंतरचा त्याच पिक्सेलचा रंग यांत उजळतेची ३:१ इतकी तफावत हवी. इथे चामड्याचा तपकिरी रंग फसवतो. लाल ०, हिरवा ९५, निळा २०४ या निळ्या रंगाची चौकट पांढऱ्यावर जवळपास ६:१ भरते. तीच तपकिरी पट्टीवर (१३९, ६९, १९) ठेवली तर गुणोत्तर १.२:१ वर येतं. दोन्ही रंगांची उजळता जवळजवळ सारखीच असल्यामुळे कमी दिसणाऱ्याला ती चौकट सापडतच नाही. उपाय दुहेरी चौकटीचा: आत पांढरी, बाहेर काळी. दोन रंगांत आपसात ९:१ तफावत असेल तर कुठल्याही एकरंगी पार्श्वभूमीवर त्यांतला एक तरी ३:१ गाठतो, कारण ९ म्हणजे ३ गुणिले ३.

चौकट 'बॉक्स-शॅडो'ने (घटकाभोवती सावली काढणाऱ्या सीएसएस गुणधर्माने) काढली असेल तर विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये, म्हणजे मोजके ठळक रंगच ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, ती गायब होते. म्हणून सोबत २ पिक्सेलची पारदर्शक आउटलाइन ठेवावी. त्या मोडमध्ये तिला आपोआप रंग चढतो. बाहेरच्या डब्याला 'ओव्हरफ्लो: हिडन' असेल तर चौकटीच्या कडा कापल्या जातात. तिथे 'आउटलाइन-ऑफसेट' उणे करून ती आत घ्यावी.

तपासताना माऊस बाजूला ठेवा आणि पानाच्या माथ्यापासून टॅब दाबत जा. मॅकवरच्या सफारीत टॅब दुव्यांवर थांबत नसेल तर आधी ब्राउझरची सेटिंग बदलावी लागते. दोष पानाचा नसतो. शेवटापर्यंत पोचलात की शिफ्ट-टॅबने उलटे या. बऱ्याच चुका या परतीच्या वाटेवर सापडतात: वर सरकताना ब्राउझर घटकाला खिडकीच्या वरच्या कडेला आणतो आणि तिथे चिकटून बसलेला मेनू त्याला झाकतो. घटक पूर्ण झाकला गेला तर २.२ आवृत्तीची डबल ए अट मोडते. 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप'ला मेनूच्या उंचीएवढी किंमत दिली की घटक मेनूखालून बाहेर येतो. मग पान ४०० टक्के मोठं करून हीच फेरी पुन्हा मारा. तेव्हा मेनू अर्धा पडदा व्यापत असेल, तर त्या आकाराला त्याचं चिकटणंच काढून टाकावं.