दोन पत्त्यांत संपणारा डाव

गेल्या पावसाळ्यात फोंड्याला आमच्या शनिवारच्या बैठकीत एक डाव पाचव्या फेरीतच संपला. खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग', म्हणजे पत्ते जमवून त्यांतून आपापला डेक (संच) बांधून खेळायचा डाव; प्रकार कमांडर, भिडू चार. तिघांनी लँड, म्हणजे पत्ते खेळवायला लागणारी 'माना' ही शक्ती देणारे पत्ते मांडले होते, एक-दोन लढणारे प्राणी उतरवले होते. चौथ्याने लागोपाठ दोन पत्ते टाकले आणि "झालं" म्हणाला. नियमाने तो जिंकलाच होता. पण त्या दिवशी एक शाळकरी मुलगा पहिल्यांदाच आला होता, महिनाभर खपून डेक बांधून. तो एक शब्द न बोलता पत्ते पेटीत भरू लागला, ते पाहून मला वाईट वाटलं. तेव्हापासून मैत्रीच्या खेळात कॉम्बो, म्हणजे एकत्र पडताच डाव जिंकून देणारी पत्त्यांची जोडी, चालावा का, हा वाद आमच्याकडे पुन्हापुन्हा निघतो. तो आम्ही सुरू केलेला नाही. या खेळाच्या जन्मापासून तो चालत आला आहे.

रिचर्ड गारफिल्ड हा गणिती, त्यातही संयोगशास्त्राचा अभ्यासक. त्याने १९९३ मध्ये हा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्याचा अंदाज असा होता की माणसं थोडीच पाकिटं घेतील आणि एखाद्या गटात दुर्मीळ पत्ता एखादाच असेल. एका पत्त्याच्या किती प्रती ठेवाव्यात याला सुरुवातीला मर्यादाच नव्हती. लोकांनी मात्र पत्ते गोळा केले, आणि 'चॅनल' व 'फायरबॉल' यांची जोडी सापडायला वेळ लागला नाही. सुरुवातीला प्रत्येकाचं आयुष्य वीस, ते संपलं की हार. चॅनल तुमचं आयुष्य मोजून घेऊन तेवढा माना देतो, फायरबॉल तेवढीच आग समोरच्यावर सोडतो. हातात एक 'ब्लॅक लोटस' आणि एक 'माउंटन' हे माना देणारे पत्ते असले की वीसपैकी एकोणीस आयुष्य खर्चून पहिल्याच फेरीत वीसचा घाव घालता येई. समोरच्याने अजून एक पत्ताही टाकलेला नसे.

स्पर्धांमध्ये हा प्रश्न बंदीयादीने सुटत गेला. १९९७ मध्ये पॅरिसला झालेल्या 'प्रो टूर' या व्यावसायिक स्पर्धेत माइक लाँगने 'प्रोसब्लूम' या कॉम्बो डेकने विजय मिळवला आणि कॉम्बो हा बांधणीचा एक मान्य मार्ग ठरला. पुढच्या वर्षी 'उर्झाज सागा' हा नव्या पत्त्यांचा संच आला आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीत डाव संपू लागले. त्या काळाला खेळाडू आजही 'कॉम्बो विंटर' म्हणतात. १९९९ मध्ये 'मेमरी जार' या पत्त्यावर तर तातडीने बंदी घालावी लागली. स्पर्धेत पंच असतो, बक्षीस असतं, यादी असते. घरगुती मेजावर यांतलं काहीच नसतं.

कमांडर जन्माला आला तो अशाच घरगुती मेजावर. अलास्कात ॲडम स्टेली आणि त्याच्या मित्रांनी १९९० च्या दशकात तो घडवला. पुढे शेल्डन मेनरी यांनी तो जगभर नेला. शंभर पत्ते, बेसिक (साधे) लँड सोडल्यास प्रत्येक पत्ता एकच, आयुष्य चाळीस. हेतू असा की डाव लांबावा आणि प्रत्येक वेळी वेगळं काही घडावं. एकेकच पत्ता असल्यावर नेमकी जोडी हातात येणं कठीण, म्हणजे कॉम्बोला आपोआप लगाम.

पण या रचनेतच एक पेच होता, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. समोर तीन भिडू, प्रत्येकाचे चाळीस, म्हणजे एकूण १२०. प्राण्यांनी हल्ला करून एवढं आयुष्य संपवायला फेऱ्यामागून फेऱ्या लागतात. अनंत चालणाऱ्या जोडीला मात्र वीस काय अन् एकशेवीस काय, सारखंच. 'किकी-जिकी' दुसऱ्या प्राण्याची नक्कल काढतो, 'पेस्टरमाइट' या प्राण्याची ती नक्कल उतरताच वापरून झालेल्या किकी-जिकीला पुन्हा मोकळं करते, आणि चक्र थांबतच नाही. शिवाय हवा तो पत्ता डेकमधून शोधून देणारे 'डेमॉनिक ट्यूटर'सारखे पत्ते १९९३ पासून आहेतच. 'थासाज ओरॅकल' आणि 'डेमॉनिक कन्सल्टेशन' ही जोडी तर अवघ्या तीन मानांत डाव जिंकते. लांब खेळासाठी बांधलेल्या घरात सर्वांत आखूड वाटच सर्वांत फायद्याची ठरली.

२०११ मध्ये हा खेळ काढणाऱ्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने कमांडरचे तयार डेक विकायला काढले आणि अनोळखी माणसं एका मेजावर बसू लागली. तोवर मित्रांमधला संकोच पुरत असे. आता खेळाआधी बोलून ठरवा, या 'रूल झिरो'वर सगळा भार आला. सप्टेंबर २०२४ मध्ये 'माना क्रिप्ट', 'ज्वेल्ड लोटस' यांच्यासह चार पत्त्यांवर बंदी आली, खेळाडूंचा संताप उसळला आणि आठवडाभरात कमांडरचे नियम पाहणाऱ्या, कंपनीबाहेरच्या नियमसमितीने कारभार कंपनीकडे सोपवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेकच्या ताकदीनुसार पाच 'ब्रॅकेट्स'चा, म्हणजे पायऱ्यांचा आराखडा आला. खालच्या दोन पायऱ्यांवर दोन पत्त्यांचा अनंत कॉम्बो नाही, तिसरीवर चालेल, पण डावाच्या सुरुवातीला नाही. वरच्या दोन मोकळ्या. इतकी वर्षं लोक तोंडी जे ठरवत होते, ते प्रथमच कागदावर आलं.

चवथीला घरोघरी मेंढीकोट रंगतो. त्यात कोट बसला तरी कुणी रुसून बसत नाही, कारण तेरा हातांत डाव संपतो आणि लगेच पुन्हा पिसतात. कमांडरचा डाव दीड-दोन तासांचा. डिचोलीहून येणाऱ्या आमच्या मित्राला शेवटची बस गाठायची असते, त्याच्या वाट्याला आठवड्यात तो एकच डाव. त्यामुळे कॉम्बो मला मुळात अन्यायाचा वाटत नाही. तो शोधायला डोकं लागतं, अडवायला समोरच्याचा पत्ता रद्द करणारा 'काउंटरस्पेल'ही असतो. न सांगता आणलेला कॉम्बो मात्र मला खटकतो, कारण तो तीन माणसांची संध्याकाळ घेतो.

हल्ली आम्ही पत्ते पिसण्याआधी एकेकाला विचारतो, "तुझ्या डेकमध्ये कॉम्बो आहे का? कितव्या फेरीत लागतो?" तो मुलगा दोन शनिवार आला नव्हता. तिसऱ्या शनिवारी आला, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांत आधी त्यानेच विचारला.