स्थानिक प्रतीचे समक्रमण (गिट)

सोर्स कोडच्या सामाईक रिपॉझिटरीची आपल्या संगणकावरची प्रत मूळ ठिकाणी होणाऱ्या बदलांशी वेळोवेळी जुळवून घेणे, म्हणजे समक्रमण. शब्द पुस्तकी आहे आणि बोलताना तो कोणी वापरत नाही. ‘रेपो सिंक कर’, ‘कामाला बसायच्या आधी पुल मार’ अशीच भाषा चालते. या नोंदीत मुख्यतः गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचा विचार केला आहे, कारण आज बहुतेक प्रोग्रॅमरांच्या हातात तेच असते.

सातबारा माहीत असणाऱ्याला गिटचा रेपो, म्हणजे रिपॉझिटरी, समजायला जड जात नाही. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते, आणि ती तशी कधी व कशामुळे झाली हे फेरफार नोंदवहीत सापडते. रेपोतही या दोन्ही गोष्टी असतात: फाइली आज जशा आहेत तशा, आणि आजवर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे कमिट. फरक इतकाच की गावची वही तलाठ्याकडे एकच असते, तर गिटमध्ये क्लोन करणाऱ्या, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेणाऱ्या, प्रत्येकाच्या घरी अख्खी वही पोचते आणि जो तो आपापल्या वहीत नव्या नोंदी घालत सुटतो. समक्रमणाची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरून काढलेला 40 अक्षरांचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी खूण, असतो. आधीच्या कमिटचा हॅशही या मजकुरातच येतो. त्यामुळे जुनी एखादी नोंद कानामात्रेने जरी बदलली तरी तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे हॅश बदलतात. दोन प्रतींचे शेवटचे हॅश सारखे निघाले, की मागचा सगळा इतिहासही सारखाच आहे असे धरून चालता येते. गिटमधील समक्रमण याच विश्वासावर चालते.

आणणे आणि मिसळणे

समक्रमणात दोन वेगळी कामे असतात. दुसऱ्यांनी काय केले ते आपल्याकडे आणायचे, आणि मग ते आपल्या कामात मिसळायचे. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ही दोन कामे एकच समजण्याची सवय असते.

आणण्याची आज्ञा ‘गिट फेच’. ती दिल्यावर सर्व्हर, म्हणजे सामाईक रेपो असलेला संगणक, त्याच्याकडच्या ब्रांचांची (कामाच्या वेगवेगळ्या फांद्यांची) टोके सांगतो, आपला संगणक स्वतःकडे कोणते कमिट आहेत ते सांगतो, आणि या घासाघिशीतून जे आपल्याकडे नाही तेवढेच एका गाठोड्यात बांधून येते. गाठोड्यात पुष्कळदा पूर्ण फाइली नसून फरकच असतात, म्हणून वर्षभराचे काम कधीकधी काही एमबीत उतरते. आलेले कमिट ‘ओरिजिन/मेन’ (मूळ ठिकाणची मुख्य ब्रांच) सारख्या नावाखाली बाजूला ठेवले जातात. आपल्या ब्रांचला किंवा उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. त्यामुळे फेच दिवसातून दहा वेळा केले तरी काही बिघडत नाही.

‘ओरिजिन/मेन’ या नावाने मात्र भलेभले फसतात. त्यात सर्व्हरवरची आत्ताची स्थिती नसते, सर्व्हरशी शेवटचे बोलणे झाले तेव्हाची असते. ‘गिट स्टेटस’ विचारले आणि तुमची ब्रांच अद्ययावत आहे असे उत्तर आले, तर ते या साठवलेल्या स्थितीशी ताडून दिलेले असते. त्यासाठी गिट नेटवर्कवर जातही नाही. शुक्रवारी फेच केले असेल आणि सोमवारी सकाळी स्टेटस पाहिले, तर हाती येते शुक्रवारचेच उत्तर. मधल्या दोन दिवसांत कोणी पन्नास कमिट ढकलले असले तरी त्यांचा पत्ता लागत नाही.

मिसळताना तीन परिस्थिती संभवतात. फक्त समोरचे पुढे गेले असतील तर आपल्या ब्रांचची खूण तेवढी पुढे सरकते. याला फास्ट फॉरवर्ड म्हणतात. फक्त आपण पुढे गेलो असू तर मिसळायला काही नसते, नंतर पुश करायचे, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर ढकलायचे. दोघेही आपापल्या वाटेने पुढे गेले असतील तर मात्र पोथ्यांच्या अभ्यासकांना परिचित असलेला पाठभेद उभा राहतो, आणि त्यावर दोन उतारे आहेत.

पहिला मर्जचा. गिट दोन्ही टोकांचा समान पूर्वज शोधते आणि तिन्ही पाठ शेजारी मांडते. पूर्वजाशिवाय नुसत्या दोन प्रती पाहिल्या तर एखादी ओळ एकाने घातली की दुसऱ्याने काढली हे कळायला मार्ग नसतो. पूर्वज हाताशी असला की ते लगेच कळते. यातून जो कमिट तयार होतो त्याला दोन आईबाप असतात. दुसरा उतारा रिबेसचा. त्यात आपले कमिट उचलून समोरच्याच्या टोकावर एकेक करून पुन्हा लावले जातात. इतिहास सरळ रेषेत दिसतो, पण पुन्हा लावलेले कमिट नवे असतात आणि त्यांचे हॅशही नवे. म्हणून जे कमिट अजून घराबाहेर गेलेले नाहीत त्यांच्यापुरताच रिबेस करावा, असा संकेत आहे.

‘गिट पुल’ ही आज्ञा आणणे आणि मिसळणे एका दमात उरकते. सोय मोठी आहे, पण काय आले हे पाहायच्या आत ते मिसळूनही झालेले असते. वर्षानुवर्षे पुल निमूटपणे मर्ज करत असे आणि प्रकल्पांच्या इतिहासात निरर्थक मर्ज कमिटांचे रान माजत असे. जून 2020 मध्ये आलेल्या 2.27 आवृत्तीपासून, मर्ज हवा की रिबेस हे ठरवलेले नसेल तर गिट इशारा देऊ लागले. पुढच्या आवृत्त्यांत तर वाटा फुटलेल्या असल्या की ते थेट नकार देऊन थांबते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. पुलला केवळ फास्ट फॉरवर्डचीच मुभा देणारी सेटिंग एकदा लावून ठेवली, की वाटा फुटल्याचे वेळेवर समजते आणि पुढचे आपण शांतपणे ठरवू शकतो.

एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो. गिट त्या जागी दोन्ही पाठ खुणांच्या ओळींमध्ये ठेवून निवाडा माणसावर सोपवते. कॉन्फ्लिक्ट निदान दिसतो तरी. जास्त त्रास होतो तो न दिसणाऱ्याचा: एकाने फंक्शनचे नाव बदलले, दुसऱ्याने त्याच दिवशी वेगळ्या फाइलीत जुन्याच नावाने ते वापरले. ओळी वेगळ्या असल्यामुळे मर्ज बिनबोभाट पार पडतो आणि प्रोग्रॅम बिल्ड होत नाही, म्हणजे कोडमधून तयारच होत नाही. गिटला कोडचा अर्थ कळत नाही, ओळी तेवढ्या कळतात. त्यामुळे सिंक झाल्यावर चाचण्या चालवाव्याच लागतात.

लिहून झालेले पण कमिट न केलेले बदल अंगावर असताना पुल केले आणि तीच फाइल बदलणार असेल, तर गिट काम पुढे रेटत नाही. अशा वेळी बदल कमिट करावेत किंवा ‘स्टॅश’ करून बाजूला ठेवावेत.

मागची पाने बदलली तर

एखाद्याने आधीच पुश केलेल्या ब्रांचचा इतिहास बदलून ती जबरदस्तीने पुन्हा ढकलली, म्हणजे फोर्स पुश केला, तर बाकीच्यांच्या प्रती अधांतरी राहतात. फेच करताना ‘फोर्स्ड अपडेट’ अशी खूण दिसते. तिच्याकडे दुर्लक्ष करून मर्ज केला, की काढून टाकलेले जुने कमिट मागच्या दाराने परत येतात. आपले स्वतःचे काही काम नसेल तर सरळ ‘रीसेट’ करून नव्या टोकावर जावे. चुकून आपलेच कमिट हरवले तर ‘रेफलॉग’ मदतीला येतो. आपल्या ब्रांचांची टोके कुठे कुठे होती याची ही नोंद फक्त आपल्याच संगणकावर असते, आणि कोणत्याही ब्रांचमधून पोचता न येणाऱ्या कमिटांसाठी ती ठरावीक मांडणीत 30 दिवस टिकते.

सर्व्हरवर पुसलेल्या ब्रांचा आपल्याकडे मात्र तशाच पडून राहतात. ‘प्रून’ सांगितल्याशिवाय जात नाहीत. टॅग, म्हणजे एखाद्या कमिटला दिलेले नाव, दुसरीकडे हलवला गेला तर नव्या आवृत्त्या तो बदल मुद्दाम सांगितल्याशिवाय स्वीकारत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

गिटच्या आधी

1972 मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉकाइंड यांनी एससीसीएस हे आवृत्त्या सांभाळणारे साधन लिहिले, तेव्हा समक्रमणाचा प्रश्नच नव्हता. सगळे एकाच यंत्रावर काम करत आणि फाइल घेताना तिला कुलूप लावत. पुढे आलेल्या सीव्हीएस या साधनाने कुलूप काढले. प्रत्येकाने आपली कामाची प्रत घ्यायची आणि अधूनमधून ‘सीव्हीएस अपडेट’ करायचे. पडद्यावर फाइलीच्या नावाआधी एकेक अक्षर येई: यू म्हणजे नवी आवृत्ती आली, एम म्हणजे तुमचे बदल आहेत, सी म्हणजे भांडण आहे. ते सी दिसू नये म्हणून लोक मनातल्या मनात देव आठवत. 1995 मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने कोणालाही वाचता येईल असा निनावी सीव्हीएस सर्व्हर उघडला. तोवर चालू कामाच्या प्रती प्रकल्पातल्या मंडळींनाच मिळत. तशाच दुसऱ्या सिस्टिमच्या, फ्रीबीएसडीच्या, लोकांसाठी जॉन पोल्स्ट्रा यांनी सीव्हीएसअप लिहिले. संथ मोडेमवरून पूर्ण भांडार अद्ययावत ठेवण्यात ते वाकबगार होते, पण लिहिलेले होते मोड्युला-3 मध्ये. म्हणजे एक साधन उभे करायला आधी दुसऱ्या भाषेचा कंपायलर उभा करायचा.

सीव्हीएसअपसारखा अपवाद सोडला तर या पद्धतींत इतिहास सर्व्हरवर राही आणि घरी केवळ आजची पाने येत. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, काम 2002 पासून बिटकीपर या वितरित (प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास ठेवणाऱ्या) प्रणालीवर चालले होते. 2005 मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये काही दिवसांत गिटची पहिली आवृत्ती उभी केली. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल ही तशीच प्रणाली सुरू केली. जुलैपासून गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे गेली.

आरसे

मोठ्या प्रकल्पांच्या रेपोंचे आरसे, म्हणजे मिरर, ठिकठिकाणी असतात. ‘मिरर’ पद्धतीने घेतलेल्या क्लोनमध्ये सर्व ब्रांचा व टॅग जसेच्या तसे येतात आणि क्रॉन या वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या सोयीतून ठरावीक वेळाने ताजे होतात. आरशाचा गुण आणि दोष एकच: समोर जे असेल ते तो दाखवतो.

22 मार्च 2013 रोजी केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मुख्य गिट सर्व्हर देखभालीसाठी बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याची फाइलप्रणाली बिघडल्याचे दिसले. जगभरातले आरसे या सर्व्हरकडून प्रकल्पांची यादी घेत. यादीच बिघडलेली आली, आणि ज्या रेपोंची नावे तिच्यात नव्हती ते काढून टाकलेले आहेत असे समजून आरशांनी इमानेइतबारे आपल्याकडचे रेपो पुसले. सुमारे 1500 रेपो धोक्यात आले. नव्याने उभारल्या जात असलेल्या एका सर्व्हरवर प्रती शाबूत सापडल्या म्हणून प्रकल्प वाचला. समक्रमण म्हणजे बॅकअप नाही हे एरवी सांगून पटत नाही. हे उदाहरण सांगितले की पटते. राखीव प्रतीला मागच्या तारखा हव्यात आणि मूळ ठिकाणचे पुसणे तिच्यापर्यंत आपोआप पोचता कामा नये.

प्रती जुळवण्याचा उलटा फायदा कर्नलवाल्यांना दोनदा झाला. नोव्हेंबर 2003 मध्ये बिटकीपरमधल्या कर्नलची जी सीव्हीएस प्रत लोकांसाठी ठेवली होती, तिच्यात कोणीतरी परस्पर दोन ओळी घुसवल्या. दिसायला ती साधी तपासणी होती. प्रत्यक्षात तुलनेच्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच टाकून वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार देण्याची सोय केली होती. ती प्रत मूळ बिटकीपरशी जुळेना, म्हणून चोरी उघडी पडली. पुढे ऑगस्ट 2011 मध्ये कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलचा कोड ठेवणाऱ्या सर्व्हरांवर घुसखोरी झाली आणि ते कित्येक आठवडे बंद राहिले. टोरवाल्ड्स यांनी तात्पुरता गिटहब या रेपो ठेवण्याच्या संकेतस्थळावर रेपो ठेवला. कोडमध्ये ढवळाढवळ झाली असती तर हॅश बदलले असते आणि हजारो जणांकडच्या क्लोनांनी फेच करतानाच बोंब ठोकली असती, त्यामुळे इतिहासाची फारशी चिंता कोणाला वाटली नाही.

रेपो असलेला फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेत ठेवून दोन संगणकांवर सिंक करायची कल्पना बहुतेकांना एकदा तरी सुचते. ती सोडून द्यावी. या सेवा फाइली हव्या त्या क्रमाने नेतात, आणि ब्रांचची खूण पोचली पण तिचा कमिट वाटेतच राहिला, तर प्रत मोडते. चालू रेपोवर नुसते आरसिंक (फाइलींच्या प्रती जुळवणारे साधन) चालवण्यातही हाच धोका आहे.

अवजड रेपो, अडखळते नेटवर्क

अख्खी वही घरी आणायची पद्धत कधीकधी अंगाशी येते. लिनक्स कर्नलच्या इतिहासात दहा लाखांहून अधिक कमिट आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा कोड गिटवर नेला तेव्हा रेपो सुमारे 300 जीबीचा होता आणि त्यात 35 लाखांच्या आसपास फाइली होत्या; त्यासाठी लागेल तेव्हाच फाइल आणणारी वेगळी फाइलप्रणाली कंपनीला लिहावी लागली. सामान्य माणसाला शॅलो क्लोन पुरतो, ज्यात शेवटचे काही कमिटच येतात. मात्र त्यात समान पूर्वज हाती नसण्याची शक्यता असते, मग मर्ज अडतो आणि मागचा इतिहास आणावा लागतो. पार्शल क्लोनमध्ये कमिट सगळे येतात, फाइलींचा मजकूर मागाहून लागेल तसा येतो. तिथे नेट गेले की जुनी फाइल उघडतही नाही.

नेट अजिबात नसेल तिथे ‘बंडल’ आहे. हवे ते कमिट एका फाइलीत बांधून पेन ड्राइव्हवर न्यायचे आणि पलीकडे त्याच फाइलीतून फेच करायचे. गिटच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे सर्व्हरच असतो. मागचे कोणते कमिट पलीकडे आधीपासून असायला हवेत याची नोंद बंडलमध्येच असते, आणि ते नसतील तर फेच तिथेच थांबते.