मऊ पोट, गडद लघवी: पोर्फिरियाच्या निदानाची पार्श्वभूमी

विशी-तिशीतील रुग्ण पोट धरून तळमळत असतो, नाडी जलद चालते, ओकाऱ्या थांबत नाहीत. पण डॉक्टर हाताने दाबून पाहतात तेव्हा पोट मऊच लागते आणि सोनोग्राफीतही काही सापडत नाही. अशा वेळी अपेंडिक्सच्या संशयाने शस्त्रक्रिया होते आणि निरोगी अपेंडिक्स बाहेर निघते. 'अॅक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया' या आनुवंशिक विकाराचे कित्येक रुग्ण या वाटेने गेले आहेत.

यात हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) तयार होण्याच्या साखळीतील तिसरे एन्झाइम साधारण निम्म्याच क्षमतेने काम करते. उपवास, मासिक पाळीपूर्वीचे दिवस, मद्य किंवा काही औषधे यांमुळे यकृतावर ताण आला की मधली द्रव्ये साचून मज्जातंतूंना बाधतात. दुखणे नसांचे असते, म्हणूनच पोट कडक होत नाही.

१८८९ मध्ये डच वैद्य स्टोकव्हिस यांनी सल्फोनल हे तेव्हा नवे असलेले झोपेचे औषध घेतलेल्या एका वृद्धेची गडद लाल लघवी नोंदवली. ती बाई पुढे दगावली. १९०३ पासून बार्बिट्युरेट वर्गातील झोपेची औषधे आली आणि धोका वाढला. वेदनेने झोप उडालेल्या, भ्रमिष्टासारख्या वागणाऱ्या रुग्णाला शांत करायला तीच दिली जात, शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवले जाई, आणि १९३० च्या दशकापासून भुलीसाठीही त्याच वर्गातले थायोपेंटल टोचले जाऊ लागले. चुकलेल्या निदानावरचा उपचारच रोगाला खतपाणी घालत होता. काहींना त्यानंतर हातापायांचा पक्षाघात झाला.

१९३७ मध्ये स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतले बरेच उत्तरेकडील लॅपलँडमधल्या घराण्यांतले होते, त्यामुळे विकाराचे आनुवंशिक स्वरूप ठळक झाले. ताजी लघवी पुष्कळदा साध्या रंगाची असते आणि उजेडात ठेवल्यावर गडद होते. त्यामागचे द्रव्य म्हणजे साखळीत साचणारे पोर्फोबिलिनोजेन. १९४१ मध्ये वॉटसन आणि श्वार्ट्झ यांनी ते ओळखण्याची सोपी चाचणी दिली. आज झटक्याच्या वेळचा लघवीचा एकच नमुना, उजेडापासून झाकून, प्रयोगशाळेत पाठवला तरी बहुधा पुरते. उपचार मात्र फार उशिरा आले: १९७१ मध्ये शिरेतून हेमिन, म्हणजे हीमचेच एक रूप, देण्याचा प्रयोग झाला, तर गिव्होसिरान या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

याच साखळीतील दुसरे एन्झाइम शिशामुळे बंद पडते. त्यामुळे शिसे असलेली भस्मे घेणाऱ्यांनाही जवळजवळ असाच पोटशूळ होतो. त्यांच्यात पोर्फोबिलिनोजेन सहसा फारसे वाढत नाही, आणि मग रक्तातले शिसे मोजावे लागते.