ग्रंथसंग्रहाचे मूल्यमापन आणि बौद्धिक स्वातंत्र्य

कोणती पुस्तके ठेवायची, कोणती पुन्हा बांधून घ्यायची, कोणाच्या जागी नवी प्रत आणायची आणि कोणती बाद करायची, हे ठरवण्यासाठी ग्रंथालयाने वेळोवेळी केलेली आपल्या संग्रहाची तपासणी. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पाचवे (१९३१). जागा मात्र संग्रहाबरोबर वाढत नाही, म्हणून छाटणी टळत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढच्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत आली नव्हती.

छाटणीचे नेहमीचे निकष म्हणजे कालबाह्य मजकूर, जीर्ण प्रत, सुधारित आवृत्तीची उपलब्धता, जादा प्रती आणि घटलेली मागणी. ते विषयागणिक बदलतात. औषधांच्या जुन्या मात्रा सांगणारे पुस्तक वाचकाच्या जिवावर बेतू शकते. इतिहासाचे पुस्तक केवळ जुने म्हणून निकामी होत नाही.

खरा धोका पुढे आहे. फडताळावरून पुस्तक उतरवण्याची कृती एकच, पण ती संग्रहाची निगा आहे की सेन्सॉरशिप, हे तिच्यामागच्या कारणावर ठरते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ साली ग्रंथालय-हक्कांची सनद स्वीकारली आणि १९७३ साली तिला जोडलेल्या विवेचनात मूल्यमापनाच्या नावाखाली वादग्रस्त साहित्य काढून टाकण्यास विरोध नोंदवला. १९८२ साली पिको खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मुख्य निकालपत्रात (त्याला पूर्ण बहुमत नव्हते), केवळ त्यातील विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके हटवता येत नाहीत, असे मत दिले.

उघड बंदीवर निदान वाद तरी होतो. गुपचूप झालेली छाटणी अधिक घातक, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही. भरपूर वाचले गेलेले पुस्तक लवकर फाटते. ‘जीर्ण’ असा शेरा मारून ते बाद करायचे आणि नवी प्रत मागवायचीच नाही, की कागदोपत्री सारे नियमाप्रमाणे दिसते. म्हणून निकष आधीच लेखी व जाहीर असावेत, एका विषयाच्या सर्व बाजूंच्या पुस्तकांना सारखेच लावावेत आणि बाद केलेल्या प्रत्येक प्रतीपुढे कारण नोंदवावे. आक्षेप आला, तर त्याचा निर्णय स्वतंत्र प्रक्रियेने व्हावा आणि तोवर पुस्तक जागेवरच राहावे.

देवघेवीचे आकडेही पुरेसे नसतात. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोरी, पण बांधणी सैल झालेली आणि एकाच प्रकरणाच्या पानांचे कोपरे मळलेले, असे पुस्तक हाती येते. लैंगिकता, मानसिक आजार, घरातील हिंसा अशा विषयांवरची पुस्तके अनेकजण आपल्या नावावर घेत नाहीत, तिथेच उभ्याने वाचतात. म्हणूनच काही ग्रंथालये टेबलांवर राहिलेली पुस्तके जागेवर लावण्यापूर्वी मोजतात, वाचकाचे नाव मात्र कुठेही लिहीत नाहीत.